कपाट क्रमांक तीनच्या पाठीवरील दोन ओळींबाबत

दिनांक : २९, सोमवार

प्रति,
मा. अधीक्षक,
रुग्णालय, मुख्य इमारत,
पहिला मजला, जिन्यासमोरची खोली.

विषय : औषधभांडारातील बारा कपाटे पुढे झुकण्याचा दोष काकांच्या पाणसळीचा नसून माझ्या नवीन फोनचा, व फोनपेक्षा जास्त माझा, असल्याबाबत.

संदर्भ : १) आपला दि. १८ चा आदेश.
२) कपाट क्र. ३ च्या पाठीवर पेन्सिलने लिहिलेल्या दोन ओळी (या आपल्या कार्यालयाने अद्याप पाहिलेल्या नाहीत).

महोदय,

१. उपरोक्त विषयान्वये अर्ज करण्यात येतो की, आपल्या आदेशाने ज्या सुतारांचे नाव मान्यताप्राप्त कारागिरांच्या यादीतून कमी करण्यात आले, ते माझे सख्खे काका आहेत आणि चौकशीच्या टिपणात 'मदतनीस – एक' अशी जिची नोंद आहे ती मी त्यांची पुतणी. १६ तारखेच्या चौकशीत मला काही विचारलं गेलं नाही आणि मी काही बोलले नाही. विचारलं नाही हा आपला दोष नव्हे. बोलले नाही हा माझा आहे, आणि या अर्जात दुसरं काही नाही.

२. इथून पुढे भाषा जरा साधी होईल, त्याबद्दल आधीच माफी मागते. मैत्रिणीने अर्जाचा एक नमुना दिला होता. पण त्या भाषेत लिहायला बसले की दर वाक्यातून मीच निसटून जायचे. 'कपाटे बसविण्यात आली.' 'तपासणी करण्यात आली.' कोणी बसवली, कोणी तपासली, काही दिसेना. चार कागद फाडले. म्हणून घरी सांगते तसंच लिहिते.

३. फोन मी गेल्या महिन्याच्या शेवटी घेतला. दुकानदार म्हणाला, तुम्ही सुतारकाम करता ना, मग यात पाणसळसुद्धा आहे. पाणसळ काय असते ते आपल्याला माहीत असेल, तरी लिहिते, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबतं. लाकडी पट्टीत बसवलेली काचेची नळी, नळीत द्रव, त्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध राहिला की खालची वस्तू सपाट. फोनमध्ये नळी नसते. आत कुठेतरी झुकाव ओळखणारा सेन्सर असतो, तो आकडा दाखवतो, आणि आकडा शून्य झाला की सगळा पडदा हिरवा होतो. मला तो हिरवा फार आवडला. काकांची पाणसळ त्यांच्या उस्तादांनी दिलेली, पितळी टोकांची, तिच्यावर वाकून, एक डोळा मिटून, श्वास धरून बघावं लागतं. फोन नुसता ठेवला की दारातूनसुद्धा हिरवा दिसायचा.

४. सेन्सर पहिल्या दिवसापासून लहरी होता आणि हे मला माहीत होतं. हे वाक्य कृपया दोनदा वाचावं. फोन आडवा धरला की चित्र उभं, उभा धरला की आडवं. खिशात ठेवून रंधा मारायला लागले की त्याला वाटायचं मी चालतेय, म्हणजे मी बाकापाशी जागच्या जागी आणि संध्याकाळी फोन माझं अभिनंदन करणार की आज आपण सहा किलोमीटर चाललात. सकाळी कारखान्याची फरशी सपाट म्हणायचा, चार्जिंगवरून गरम काढला की तीच फरशी सव्वा अंश कललेली. आम्ही मैत्रिणी पोट धरून हसायचो. एकीचं नुकतंच लग्न झालंय, तिने त्याला 'मामंजी' नाव ठेवलं, कारण सकाळी एक बोलायचा आणि जेवण झालं की दुसरंच.

५. मग त्याच मैत्रिणीने शोधून काढलं की सेन्सरला एकदा शिकवावं लागतं. फोन सपाट जागेवर ठेवायचा, सेटिंगमध्ये जाऊन बटण दाबायचं, म्हणजे 'हे सपाट' असं तो लक्षात ठेवतो. ४ तारखेला सकाळी मी घाईघाईत तो ठेवला काकांच्या रंधा मारायच्या बाकावर आणि बटण दाबलं.

महोदय, आमच्या कारखान्यात दुसरी कुठलीही जागा चालली असती. तो बाक सपाट नाही. काकांनी तो मुद्दाम उतरता ठेवलाय, एका बाजूच्या पायांखाली पाचरी ठोकून, कारण रंधा उतारावर चालवला की खांद्यावर जोर कमी येतो. लहानपणी मी त्याच बाकावरून पेन्सिली सोडायचे आणि खाली पडायच्या आत झेलायचे. म्हणजे तो बाक उतरता आहे हे काकांच्या खालोखाल जगात कुणाला माहीत असेल तर मला. आणि मी फोनला शिकवलं की सपाट म्हणजे हे.

त्यानंतर तो दोन दिवस एकदम शहाण्यासारखा वागला. आकडा हलेना, लहर नाही, काही नाही. मला वाटलं, सुधारला.

६. ४ तारखेलाच आपल्याच रुग्णालयात काकांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं पंधरा दिवस वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. कपाटं तयार होऊन भांडारात येऊन पडलेली, सोमवारी भांडार सुरू व्हायचं, म्हणून ५ आणि ६ तारखेला ती बसवायचं काम मी एकटीने केलं. 'मदतनीस – एक' हे त्यामुळे बरोबर नाही. मदत करायला त्या दोन्ही दिवशी कुणीच नव्हतं.

निघताना काकांनी पट्टी बांधलेल्या डोळ्याने खाटेवरूनच पाणसळीची पेटी दाखवली आणि म्हणाले, "ने. आणि फिरवून बघ."

फिरवून बघणं ही आमच्याकडची पहिली शिकवण आहे. पाणसळ एकदा ठेवायची, बुडबुडा बघायचा, मग ती उचलून डावं टोक उजवीकडे करून त्याच जागी पुन्हा ठेवायची. दोन्ही वेळा बुडबुडा भिंतीकडेच पळाला तर कपाट कललेलं. पाणसळीबरोबर तोही फिरला तर पाणसळ खोटी. काका म्हणतात, पाणसळ खरी आहे का हे तिला विचारायचं नसतं, तिला फिरवायचं असतं. मी आठ वर्षांची असताना त्यांनी मला हे दाखवलं आणि तेव्हापासून मी कुणालाही, दुकानदाराला, शिक्षकांना, एकदा तर पाहुण्यांच्या घरी जेवायच्या टेबलालासुद्धा, फिरवून बघायची भाषा केली आहे. फक्त फोन फिरवला नाही. सपाट म्हणाला, हिरवा झाला, पुढचं कपाट. बाराही कपाटांवर फोन एकाच तोंडाने ठेवला, म्हणून बाराही एकाच बाजूला, पुढे, दीड अंश झुकली. एकदा उलटा ठेवला असता तर त्याने तिथेच तीन अंशांचा फरक दाखवला असता. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

पेटी मी नेली होती. उघडली नाही. तिच्यावर बसून डबा खाल्ला.

७. आता संदर्भ क्रमांक दोन. काका काम पूर्ण झालं की एका वस्तूच्या पाठीवर, जिथे कुणी बघणार नाही अशा जागी, सुताराच्या चपट्या पेन्सिलीने एक ओळ लिहितात : 'दोन्ही बाजूंनी पाहिले', आणि तारीख. एका कामाला एक ओळ. गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत, सांगतही नाहीत. एकदा मी विचारलं होतं की मग लिहायचं कशाला, तर म्हणाले, न बघता लिहिता येत नाही म्हणून.

६ तारखेला दुपारी मी ती ओळ लिहिली. कपाट क्र. ३ हे बंद केलेल्या खिडकीसमोर आहे, मागे कोनाडा असल्याने अंग आडवं करून आत जाता येतं. तिथे शिरून मी काकांच्या पेन्सिलीने, काकांसारखंच ठळक लिहिलं : 'दोन्ही बाजूंनी पाहिले. ६.' न बघता लिहिता आलं मला. काही अडलं नाही. हात थरथरला वगैरे असं लिहायला बरं वाटलं असतं, पण तसं झालं नाही. मी शीळ घालत होते.

८. पुढचं आपल्याला माहीत आहे, पण माझ्या बाजूने सांगते. कप्प्यांना आम्ही बेअरिंगचे चॅनेल लावले आहेत, बोटाने लोटला तरी कप्पा सरकतो, औषधभांडाराच्या ताईंनीच तसे मागितले होते, दिवसभर शंभर वेळा उघडझाप करून त्यांचा मनगटाचा सांधा दुखतो म्हणून. असा कप्पा दीड अंश उतारावर असला आणि आत वजन असलं की तो आपणहून बाहेर येतो. ८ तारखेला सकाळी ताईंनी बाटल्या भरल्या आणि पाठ वळवली. आधी खोकला उघडला. मग ताप. मग पोटदुखी, अर्धा. कापसाचा कप्पा हलका, तो मात्र शेवटपर्यंत सभ्य माणसासारखा बंद राहिला.

ताई बंद करायच्या, ते उघडायचे. तीन दिवस हे चाललं. सफाईवाल्या मावशी म्हणाल्या की आधीचे औषधवाले भाऊ निवृत्त होऊन वारले ना, त्यांना सवय होती कप्पे उघडे ठेवायची. ताईंनी दोऱ्या बांधल्या, चिकटपट्ट्या लावल्या, खोकल्यासमोर स्टूल ठेवलं. आणि आपल्या कार्यालयातून त्यांनाच पत्र गेलं, औषधांचे कप्पे उघडे ठेवल्याबद्दल खुलासा करावा म्हणून. हे सगळं मला ताईंनी फोनवर सांगितलं, याच फोनवर, आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, ताई, नवीन चॅनेल आहेत, थोडे दिवस असं होतं, बसतील. म्हणजे तेव्हा मला खरंच कळलं नव्हतं असं नाही. फोनची शंका आली होती. मी तीही बसू दिली.

११ तारखेला आपण पाहणीला आलात. खालच्या कप्प्यावरची चिठ्ठी वाचायला आपण वाकलात आणि वर सिरपच्या बाटल्यांचा कप्पा, ज्याची चिकटपट्टी ताईंनी आपण येणार म्हणून स्वच्छ दिसावं यासाठी तेवढीच काढली होती, तो आवाज न करता बाहेर आला. आपण सरळ उभे राहिलात तेव्हा तो तिथे होता. आपल्या कपाळावर जे टेंगूळ आलं, ज्यावर बर्फ लावत आपण पुढची पाहणी पूर्ण केलीत, ते टेंगूळ माझं आहे. त्याबद्दल वेगळी माफी मागते. चौकशीच्या दिवशीही ते थोडं निळं होतं. मी सगळा वेळ तिकडेच बघत होते, कारण काकांकडे बघवत नव्हतं.

९. चौकशीत इमारतीच्या अभियंता साहेबांनी त्यांची लांब पाणसळ लावून सांगितलं की कपाटं दीड अंश पुढे आहेत. आपण विचारलंत, कपाटं कशाने लावली होती? मला आठवतंय, आपण कागदावरून मान वर केलीत आणि आमच्या दोघांच्या मधल्या हवेकडे बघून विचारलंत. माझा फोन माझ्या खिशात होता. मी तोंड उघडणार होते, असं मी नंतर सात-आठ दिवस स्वतःला सांगत होते. उघडलं नाही हे खरं.

काका म्हणाले, "माझ्या पाणसळीने, साहेब. जुनी झालीय. मीही झालोय."

मला वाटलं, काकांना खरंच तसं वाटतंय. मी पेटी नेली होती, तर मी तीच वापरली असणार आणि उस्तादांची पाणसळ इतक्या वर्षांनी बिघडली असणार, असा त्यांचा समज झाला असेल. आणि महोदय, आता मी जे लिहिणार आहे ते मैत्रिणीने गाळायला सांगितलं होतं : मला सुटल्यासारखं वाटलं. काकांच्या शेजारी उभी राहून, त्यांचं एकतीस वर्षांचं नाव जाताना, मला हलकं वाटलं.

आपण आदेशात लिहिलंत की कारागिराचं साधन व दृष्टी दोन्ही विश्वासार्ह राहिलेली नाहीत, यादीतून नाव कमी करावं आणि इतर संस्थांनाही कळवावं. आपल्या समोर जे आलं त्यावरून आपण बरोबरच लिहिलंत.

१०. घरची परिस्थिती थोडक्यात. ज्या शाळेने बाकांसाठी विचारलं होतं त्यांनी फोन करून नको म्हटलं. काकांनी पाणसळ फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात डोळा काचेसारखा स्वच्छ झालाय, सुईत दोरा ओवाल. तो दाखला काकांनी घडी घालून वहीत ठेवला आणि काकूंना दाखवला नाही. कारण काकूंना आदेशातलं 'दृष्टी' एवढंच कळलंय. त्या आता जिन्यावर काकांचा हात धरतात. सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवतात, आणि काका, ज्यांनी ते आधीच दारात उभ्या उभ्या वाचलेलं असतं, ते खुर्चीत बसून सगळं पुन्हा ऐकतात. मधेच विचारतातसुद्धा, "मग काय झालं?" माझ्यासमोर हे होतं. माझ्या हातात चहाचा कप असतो.

मला ते एका शब्दाने रागावलेले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

११. मग मी फोनवर राग काढला. मैत्रीण आणि मी कंपनीला तक्रार लिहायला बसलो. तिने झकास सुरुवात केली, आपल्या सदोष सेन्सरमुळे एका ज्येष्ठ कारागिराची प्रतिष्ठा वगैरे, आणि तिसऱ्या ओळीवर थांबून तिने सहज विचारलं, "पण तू तो फिरवून का नाही बघितलास?" तिथे आमची तक्रार संपली. तरी पाठवली. कंपनीने दोन दिवसांत उत्तर दिलं की ही सुविधा केवळ अंदाजासाठी असून बांधकाम, सुतारकाम इत्यादींसाठी वापरू नये, आणि कळवल्याबद्दल आभार. उत्तर चुकीचं नाही. आता तर तो सेन्सर पुन्हा पहिल्यासारखा झालाय. काल देवासारखा सपाट, आज आमच्या घराचा उंबरठाच चार अंश वाकडा. त्याच्या साक्षीने आता काही सिद्ध होणार नाही. माझ्याच साक्षीने व्हायला हवं.

१२. पण साक्ष द्यायच्या आधी मी आणखी एक गोष्ट केली. २४ तारखेला लाकूड आवळायचा शिकंजा राहिलाय, तो घ्यायचाय असं सांगून मी भांडारात आले. शिकंजा राहिला नव्हता. मी खोडरबर घेऊन आले होते. माझ्या मनात आलं होतं की कपाटं कधीतरी हलवली जातील, मग पाठीवरची ती ओळ कुणीतरी वाचेल, आणि ती तारीख ऑपरेशननंतरची असल्याने ती काकांनी लिहिलेली नाही हे कळेल. म्हणून पुसायला आले. खरं सांगायचं काही राहू नये म्हणून मी एवढं इथे लिहिते आहे, तर हेही असू द्या.

ताई म्हणाल्या, "जा गं फूटपट्टी, तूच मावशील त्या फटीत." मला तिथे सगळे फूटपट्टी म्हणतात. मी अंग आडवं करून आत शिरले, फोनचा दिवा लावला. माझी ओळ होती : 'दोन्ही बाजूंनी पाहिले. ६.'

तिच्या खाली दुसरी ओळ होती. तीच चपटी पेन्सिल, पण अक्षर माझ्यापेक्षा थोडं खाली घसरलेलं, एका डोळ्याने लिहिल्यासारखं :

'फिरवून पाहिले. पाणसळ बरोबर. कपाट पुढे. १३.'

मी ताईंना आतूनच विचारलं, काका आले होते का? त्या म्हणाल्या, हो की, तेरा तारखेला शनिवारी, डोळ्याची पट्टी बदलायला आले होते, पिशवीत काहीतरी लांबट होतं, म्हणाले जरा कपाट बघतो, आणि तिकडे कोनाड्यात शिरले. त्यांनी म्हणे सांगितलंही होतं ताईंना, बोलू नका म्हणून. मी विचारते आहे म्हटल्यावर ताईंना राहवलं नाही.

म्हणजे, महोदय, चौकशीच्या तीन दिवस आधी काकांनी वाकायचं नसताना वाकून, एका डोळ्याने, आपली पाणसळ दोन्ही तोंडांनी लावून बघितली होती. पाणसळ खरी आहे हे त्यांना माहीत होतं. मी ती वापरली नाही हेही, कारण वापरली असती तर कपाटं पुढे झुकलीच नसती. आणि मी वर काय लिहून ठेवलंय ते तर त्यांनी वाचलंच, त्याशिवाय त्याच्या खाली कसं लिहितील. त्यांनी माझी ओळ पुसली नाही. खाडाखोड केली नाही. फक्त खाली खरं लिहिलं, जिथे कुणी बघणार नाही अशा जागी, आणि १६ तारखेला आपल्यासमोर उभं राहून खोटं सांगितलं. ते खोटं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. इतकं सफाईदार बोलले की अभियंता साहेबांनी मान हलवली.

खोडरबर मी परत आणला. त्या फटीतून मला बाहेर येताच येईना थोडा वेळ. ताईंना वाटलं अडकले.

१३. त्याच दिवशी दुपारी मी काकांना विचारलं. ते उतरत्या बाकावर बसले होते, हातात काम नव्हतं. आपल्याला ठाऊकच आहे, मान्यताप्राप्त कारागिरांच्या यादीत माझं नाव घालावं असा अर्ज गेल्या महिन्यापासून आपल्याच कार्यालयात आहे, त्यावर शिफारस काकांची आहे. त्यांनी तोच विषय काढला. म्हणाले, "यादीत माझं नाव एकतीस वर्षं होतं. तुझं अजून लागायचंय. कुणाचं खोडलं तर नुकसान कमी, माप तूच घे."

मी माप घेतलं. पाच दिवस घेतेय. दोन्ही बाजूंनी घेतलं. काकांचं माप चुकलंय. माझं नाव अजून लागलेलं नाही, म्हणजे ते खोडायला रबरसुद्धा लागत नाही. त्यांचं खोडलं तर आपल्या रुग्णालयातली खिडक्यांची तावदानं, दारांच्या चौकटी, आपण ज्या टेबलावर हा कागद ठेवून वाचत आहात ते टेबल, या सगळ्याच्या पाठीवरची ओळ खोटी ठरते. टेबलाच्या खणाच्या मागे हात घालून पाहावं. तिथे ओळ असेल.

१४. सबब, विनंती अशी की :

(क) दि. १८ च्या आदेशातून काकांचं नाव काढावं. साधन व दृष्टी याबद्दलचं वाक्यही काढावं, आणि तसं पत्र इतर संस्थांना जावं. एक प्रत घरच्या पत्त्यावर, काकूंच्या नावे, मोठ्या अक्षरात यावी.

(ख) जिथून काकांचं नाव निघेल तिथे माझं घालावं. कारण म्हणून 'लहरी आहे हे माहीत असूनही फोनवर विसंबून काम केले, न पाहता पाहिले असे लिहिले, व विचारण्याची वाट बघत गप्प राहिली' असं लिहावं. यादीसाठी केलेला माझा अर्ज मी मागे घेत नाही. आपण तो नामंजूर करावा, म्हणजे तसा शेरा राहील. पुढे कधी मी पुन्हा अर्ज केला तर ज्याच्या हातात तो येईल त्याला हे कळलं पाहिजे.

(ग) ताईंना दिलेलं खुलाशाचं पत्र रद्द करावं. त्यांनी एकही कप्पा उघडा ठेवला नव्हता.

(घ) बाराही कपाटं पुन्हा सरळ बसवायची परवानगी मला मिळावी. दोन दिवस पुरतील. अभियंता साहेबांनी समोर उभं राहावं. मी काकांच्या पाणसळीने लावीन आणि दर कपाटाला ती फिरवीन. फोन बाहेर ठेवीन.

(च) या अर्जाबाबत काकांना बोलावू नये. बोलावलं तर ते पुन्हा सांगतील की दोष त्यांचाच आहे. आपण त्यांचं ऐकू नये. एवढ्या एका बाबतीत त्यांचा शब्द धरण्यासारखा नाही.

१५. आज सकाळी मी काकांकडे पाणसळ मागितली. कशाला ते त्यांनी विचारलं नाही. स्टुलावर चढून स्वतः माळ्यावरून काढली, तेव्हा काकू खालून ओरडत होत्या की दिसत नाही तर चढता कशाला. फडकं सोडलं, बाकावर ठेवली, बुडबुडा उताराच्या वरच्या टोकाला गेला. मग त्यांनी ती उचलून माझ्या हातात दिली आणि वाट बघत उभे राहिले. मी ती फिरवून ठेवली. बुडबुडा पुन्हा बाकाच्या त्याच, वरच्या बाजूला. ते आत गेले.

वर लिहिलेलं सगळं मी पाहून लिहिलं आहे.

आपली नम्र,
(सही)
चौकशी टिपणातील 'मदतनीस – एक'
(नाव व पत्ता सोबतच्या ओळखपत्रावर)

सोबत :
१. ओळखपत्राची प्रत.
२. फोन, नवीन, एक. बंद करून दिला आहे. चौकशीसाठी पाहिजे तितके दिवस ठेवावा, घाई नाही.
३. फोनच्या कंपनीचे उत्तर.
४. कपाट क्र. ३ च्या पाठीचा फोटो. ताईंच्या फोनवरून काढलेला आहे.
५. डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला. काकांच्या वहीतून घेतला आहे, त्यांना न विचारता. हा एकच कागद परत हवा.
६. खोडरबर, एक, न वापरलेला.
७. पाणसळ, एक, लाकडी, पितळी टोकांची. ही आवक विभागात जमा करायची नाही, फक्त दाखवायला आणली आहे. पोच देण्यापूर्वी तिथल्या साहेबांनी ती आपल्या टेबलावर एकदा ठेवावी, बुडबुडा पाहावा, मग फिरवून पुन्हा ठेवावी. मी खिडकीपाशी उभी आहे.